गच्चीवरचा मंगळ

प्रेमा सावंतची दुर्बीण आठवडाभर पलंगाखाली खोक्यातच पडून होती. नवी वस्तू चांगल्या दिवशी काढायची, आणि त्या आठवड्यातला चांगला दिवस म्हणजे मंगळवारची अंगारकी. मिक्सर, टीव्ही, मुलाची पहिली स्कूटर, सगळं ह्याच नियमाने त्या घरात आलं होतं. मिक्सरला सराव लागत नाही आणि दुर्बिणीला लागतो, हा फरक तिच्या लक्षात आला तो गच्चीवर, माणसं जमल्यानंतर.

तिच्या नवऱ्याने, बाळाने, खोकं आलं त्या दिवशीच मत देऊन ठेवलं होतं. "घरात पाय ठेवूक जागा नाय, आणि हिका आकाश व्हया."

हवंच होतं तिला. दवाखान्यातल्या रिसेप्शनवर बसून, दोन पेशंटच्या मधल्या वेळात, मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत ती आकाश शिकली होती. मृग कुठे, कृत्तिका कुठे, शनीची कडी कधी तिरकी दिसतात आणि कधी गायब होतात. शिकली म्हणजे ऐकलं होतं. मुलुंडच्या आकाशात ह्यातलं फारसं काही दिसत नाही, त्यामुळे ती चुकते आहे हे तिला सांगणारं कोणी नव्हतं. आकाशही नाही.

पण सोसायटीच्या ग्रुपवर तिने स्वतःच लिहून टाकलं होतं: 'अंगारकीला चंद्र उशिरा आहे. तोपर्यंत गच्चीवर या, दुर्बिणीतून ग्रह दाखवते.' खाली हात जोडलेलं चित्र. त्यांच्या चार मजली इमारतीच्या तिन्ही बाजूंना टॉवर उभे राहिल्यापासून कुणाच्याच खिडकीतून चंद्र दिसायचा नाही. संकष्टी करणाऱ्या बायका उपास सोडायला ताम्हन आणि पळी घेऊन गच्चीवरच यायच्या. म्हणजे प्रेक्षक आयते होते, आणि सकाळपासून उपाशी होते.

शिवाय एक वचन होतं. ते ग्रुपवर नव्हतं.

समोरच्या दारातली दीप्ती ही प्रेमाची वीस-बावीस वर्षांची मैत्रीण, आणि दीप्तीची श्रुतिका जवळजवळ प्रेमाच्याच घरात वाढलेली. श्रुतिकाच्या पत्रिकेत कडक मंगळ होता. दोन स्थळं त्याच्यावरून परत गेली होती. आता बोरिवलीचं एक स्थळ तयार होतं, मुलगाही श्रुतिकाला बरा वाटला होता, पण त्याच्या आईची अट होती. आधी मुलीचं मडक्याबरोबर लग्न लावायचं, मंगळाची पीडा त्या मडक्यावर जाऊ द्यायची, ते फोडायचं, मग पुढचं. श्रुतिका नाही म्हणत होती. दीप्ती ना हो म्हणत होती ना नाही. उत्तर उद्यापर्यंत द्यायचं होतं.

"मावशी, खरा मंगळ केवढा दिसतो गं?" श्रुतिकाने रविवारी विचारलं होतं.

"ठिपका. भाताच्या शितावर तिखटाचा कण पडावा ना, तेवढा."

"बस. मग आईला तो कण दाखव. एकदा बघू दे तिला, कशाला घाबरते ती. मी सांगितलं तर ऐकत नाही, तू दाखवलंस तर ऐकेल."

"दाखवते की," प्रेमा म्हणाली होती. मंगळ संध्याकाळी पूर्वेला लाल दिसतो, असं एका व्हिडिओत तिने नीट ऐकलं होतं. तो व्हिडिओ गेल्या जानेवारीतला होता, हे तिने पाहिलं नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी दीप्तीने स्वतः येऊन दुर्बिणीच्या काळ्या नळकांड्याला कुंकवाचं बोट लावलं, जास्वंदीचं फूल वाहिलं आणि ते फूल नळीत पडायच्या आत प्रेमाने झेललं. "यश दे रे बाबा," दीप्ती म्हणाली. ते गणपतीला होतं की दुर्बिणीला, ते कळलं नाही.

गच्चीवर मृणालिनीताई किल्ली घेऊन उभ्या होत्या. मृणालिनीताई म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरी, आणि गच्चीची किल्ली त्या मंगळसूत्रासारखी सांभाळायच्या. "प्रेमाताई, आम्ही उपाशी आहोत हं. तुमच्या ग्रहांना सांगा, वेळेवर या."

पूर्वेला गुरू झगझगीत होता. नुसत्या डोळ्यांना दिसत होता, फक्त नळीत यायला तयार नव्हता. प्रेमा डावीकडे ढकलायची तर तो उजवीकडे पळायचा. स्टँडचा एक पाय गच्चीच्या उतारावर होता, तो दर वेळी थरथरायचा. शेवटी काहीतरी उजेड आल्यासारखं वाटलं आणि तिने घाईघाईने मृणालिनीताईंना पुढे केलं.

"काळं आहे," मृणालिनीताई म्हणाल्या. "आणि काड्या हलतायत."

"त्या तुमच्या पापण्या."

"पापण्या तर मला घरीही होत्या."

बायका हसल्या. प्रेमाही हसली, सगळ्यांपेक्षा जरा जोरात. बाळा टाकीला टेकून उभा होता, तिथून त्याने हाक दिली, "काय गो, गावलो काय?"

"तू गप बस रे."

कुणीतरी म्हणालं, आज अंगारकी, मग मंगळच दाखवा की. दीप्ती ताम्हन मांडीवर घेऊन बसली होती, ती सावरून बसली. श्रुतिका अजून अंधेरीहून, ऑफिसातून यायची होती. प्रेमाने मान वर करून पूर्व पाहिली. तिथे लाल काही नव्हतं. मग तिने सगळीकडे पाहिलं, आणि शेजारच्या नाहूरच्या बाजूला, पाण्याच्या टाकीच्या कडेला, तो दिसला. तांबडा ठिपका, अंधारात उंच. लुकलुकत नव्हता. तारे लुकलुकतात, ग्रह लुकलुकत नाहीत, हे तर तिचं पाठ होतं.

आणि ह्या खेपेला दुर्बिणीनेही ऐकलं. तिने डोळा लावला आणि तो समोर होता. बशीएवढा लालभडक गोल, मधोमध काळं बुबुळ. शितावरचा कण कुठे आणि हे कुठे!

"मंगळ!" ती ओरडली. आवाज लहान मुलीसारखा निघाला.

मृणालिनीताई वाकल्या. बराच वेळ वर आल्याच नाहीत. वर आल्या तेव्हा चेहरा बदलला होता. "कमाल केलीत हो, प्रेमाताई. खरंच लाल आहे." मग आणखी दोघी-तिघी वाकल्या, एकीने गालावर हात मारून घेतले. मृणालिनीताईंनी तिथूनच बहिणीला फोन लावला: "अगं, आमच्याकडे एक जण आहेत, इतक्या हुशार..."

हुशार. बारावीनंतर हा शब्द प्रेमाला कुणी लावला नव्हता. तो अंगावर नव्या साडीसारखा घेऊन ती पुन्हा दुर्बिणीशी आली. दीप्तीला दाखवायच्या आधी अजून जरा नीट करावं म्हणून तिने बाजूची फोकसची चक्री हळूच फिरवली.

मंगळ लहान होऊ लागला. बरोबर, तिला वाटलं, आता कण होईल. बुबुळ मिटलं, गोल आकसला, आणि त्याच्या भोवती अंधारातून रेषा उगवल्या. तिरप्या, आडव्या, पुन्हा तिरप्या. लोखंडाच्या पट्ट्या. एक शिडी. तारेच्या जाळीतला दिवा, आणि त्याच्याखाली उलटं लटकलेलं, वाऱ्यावर फडफडणारं कसलंसं फडकं.

ती वाकलेलीच राहिली. नाहूरला टॉवर चढत होता, त्याच्यावरची क्रेन. ही क्रेन ती दिवसा रोज बघत होती, कपडे वाळत घालताना.

"झालं का गं? मला बघू दे ना," पाठीमागून दीप्ती म्हणाली. पलीकडे मृणालिनीताईंचा फोन अजून चालू होता. "...घरबसल्या शिकल्या म्हणे..."

प्रेमाने चक्री उलटी फिरवली. पट्ट्या विरघळल्या, शिडी गेली, आणि मंगळ फुगत फुगत पुन्हा पहिल्याएवढा झाला. बुबुळसुद्धा जागेवर आलं.

"ये," ती म्हणाली.

दीप्तीने डोळा लावला आणि लगेच काढला. "अगं बाई. डोळा आहे त्याला." पुन्हा लावला. "प्रेमा, माझ्याकडेच बघतोय गं." तिने ताम्हन खाली ठेवलं, हात जोडले आणि वाकून स्टँडच्या पायाशी, गच्चीच्या डांबरावर, कपाळ टेकलं. उठली तेव्हा कपाळाला धूळ होती. प्रेमाला ती पुसावीशी वाटली. हात पुढे गेला नाही.

तेवढ्यात श्रुतिका आली, खांद्यावर ऑफिसची बॅग तशीच. "सापडला? मावशी, झकास! बघू." ती वाकली. बॅग खांद्यावरून घसरून कोपरात अडकली, ती तिने सावरली नाही.

"तू तर कण म्हणाली होतीस."

"दुर्बिणीत..." प्रेमा म्हणाली, "मोठा दिसतो."

ते खोटं किती सहज निघालं! पहिल्या खोट्याला निदान हात लावावा लागला होता.

"बघितलंस ना?" दीप्ती म्हणाली. "मी उगाच घाबरत नव्हते, श्रुते. केवढं ते. त्याला शांत नको करायला? एक मडकंच आहे. कुणाला कळणारसुद्धा नाही."

श्रुतिका उभी राहिली. दिवसभराचा थकवा तिच्या तोंडावर एकदम उतरला. "ठीक आहे, आई. कर तुला करायचं ते."

"मी आत्ताच बोरिवलीला सांगते. चांगला दिवस आहे." दीप्ती फोन घेऊन रेंज बघत कोपऱ्याकडे गेली.

प्रेमाने स्वतःला समजावून पाहिलं. काय होतं मडक्याशी लग्न केलं म्हणून? मडक्याला आई नसते, नणंद नसते, सासुरवास तर नाहीच. पोरीचं लग्न ठरतंय, आणि आपण क्रेनचा विषय काढायचा? काढला तर उद्या जिन्यात, दवाखान्यात, भाजीवाल्यापाशी... हुशार म्हणे.

श्रुतिका कठड्याला टेकून पाणी पीत होती. शाळेतून सुटली की ती आई येईपर्यंत प्रेमाच्या ओट्यापाशी बसायची आणि प्रश्न विचारायची. पाल पडत का नाही. समुद्राचं पाणी रात्री कुठे जातं. प्रेमाला बहुतेक काही येत नसायचं. "माहीत नाही, बघू या," एवढंच ती म्हणायची, आणि मग दोघी बघायच्या. त्या पोरीला आपण दिलेलं ते एकच काहीतरी होतं. बाकी सगळं तिच्या शाळेने दिलं.

"श्रुते," तिने हाक मारली. "इकडे ये. ही चक्री फिरव. हळू."

"कशाला आता?"

"फिरव तू."

श्रुतिकाने फिरवली. प्रेमा तिच्या मानेकडे बघत होती. मान आधी सैल होती, मग ताठ झाली. श्रुतिका डोळा न काढता म्हणाली, "हा क्रेनचा दिवा आहे."

"हो."

"मावशी, हा क्रेनचा दिवा आहे यार!" ती हसायला लागली, अगदी मोकळं. मग हसू थांबलं. तिने वर पाहिलं. "तुला कधी कळलं?"

हे विचारणार, हे प्रेमाला माहीत असायला हवं होतं. ती तेवढी हुशार होती, श्रुतिका.

"तुझ्या आईने बघायच्या आधी."

"आधी?"

"हो."

श्रुतिका बॅग खांद्यावर घेत म्हणाली, "तूच सांग तिला. मी नाही सांगणार."

गच्ची अशी किती लांब असते? प्रेमा चालत गेली ती रस्ताभर गेल्यासारखी. कोपऱ्यात दीप्तीचा आवाज गोड झाला होता. "हो हो, मुहूर्ताचं तुम्हीच बघा, आमची काही..."

"दीप्ती, फोन ठेव."

"थांब गं."

"तो मंगळ नाही. नाहूरच्या क्रेनचा दिवा आहे तो."

हळू बोलायचं ठरवलं होतं. पण आवाज मोठाच निघाला. सगळ्या गच्चीला ऐकू गेलं. मृणालिनीताईंनीच पहिल्यांदा विचारलं: "क्रेनचा? म्हणजे इतका वेळ आम्ही बिल्डरला नमस्कार केला?"

"बिल्डराक तर सगळेच नमस्कार करतत," बाळा म्हणाला, आणि हशा फुटला. उपाशी बायका जास्त हसतात. कुणीतरी ताम्हनावर पळी वाजवली.

दीप्ती हसली नाही. तिच्या हातातल्या फोनमधून बारीक आवाज येत होता, हॅलो, हॅलो. "मी डोकं टेकलं, प्रेमा," ती म्हणाली. "उपाशी पोटी." मग बाकीच्यांकडे एकदा बघून तिने आवाज सावरला. मैत्रीण होती ती. "जाऊ दे. तुला तरी काय माहीत. पहिलीच वेळ, चुकून झालं असेल."

दीप्तीने सुटकेचं दार उघडून धरलं होतं. नुसतं मान हलवून आत जायचं होतं. श्रुतिका पलीकडून बघत होती.

"पहिल्यांदा चुकून झालं," प्रेमा म्हणाली. "तुझ्या वेळी मला माहीत होतं."

मृणालिनीताईंनी हातातली किल्ली उगाचच ह्या बोटातून त्या बोटात घातली. बाळाने टाकीची पाठ सोडली आणि बायकोच्या दोन पावलं मागे येऊन उभा राहिला.

"मग खरा कुठाय?" दीप्तीने विचारलं.

प्रेमाने मोबाइल काढला. आठवडाभरात करायचं ते काम तिने तिथे, सगळ्यांसमोर, पहिल्यांदा केलं. बोट घसरत होतं. "सूर्याच्या पाठीमागे आहे," ती म्हणाली. "सूर्याबरोबरच उगवतो, सूर्याबरोबरच मावळतो. आज रात्री तो आकाशात नाहीच. अजून बरेच दिवस दिसणार नाही."

"अंगारकीला मंगळ नाही?"

"नाही."

दीप्तीने मान वर करून आकाश पाहिलं. "मग माझ्या पोरीच्या बोकांडी कोण बसलंय?"

फोनमधला आवाज अजून हॅलो म्हणत होता. दीप्तीने त्याच्याकडे बघितलं, "नंतर करते," म्हणाली आणि बंद केला.

चंद्र उगवला तो टॉवरच्या आडून, नारिंगी, एका बाजूने चेपलेला. बायकांनी अर्घ्य दिलं, हात जोडले आणि मोदकांच्या ओढीने भराभर खाली गेल्या. दुर्बिणीतून चंद्र दाखवा, असं कुणी म्हणालं नाही. प्रेमानेही नळी तिकडे वळवली नाही. दीप्ती जाताना तिच्या शेजारूनच गेली, कुंकवाच्या करंड्यासकट सगळं आवरून. काही मागे विसरून परत यायला लागू नये, असं.

दर संकष्टीला दीप्तीकडून झाकलेलं ताट यायचं, वाफाळत्या मोदकांचं, वर तुपाची वाटी. त्या रात्री बाळाने जेवताना दोनदा दाराकडे बघितलं. "मोदक येवक नाय अजून?"

"नाही येणार."

"तू सांगितलंस ता बरा केलंस," तो म्हणाला, आणि वरणात भात कालवत राहिला. "पण आधी कित्याक केलंस गो?"

माहीत नाही, बघू या, असं म्हणायची ही जागा नव्हती.

मागच्या संकष्टीचं दीप्तीचं ताट तिच्याकडेच होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर तिने ते घासलं, पुसलं. ताट रिकामं परत द्यायचं नसतं. संक्रांतीसाठी आणलेले तीळ भाजले, गूळ चिरला, लाडू वळले. हाताला चटके बसत होते ते बसू दिले. मग तीन पावलांवरच्या समोरच्या दाराची बेल वाजवायला तिला बराच वेळ लागला.

दीप्तीने आतलं दार उघडलं. बाहेरचं जाळीचं दार तसंच लावलेलं.

"बोरिवलीला मडक्याला नाही म्हणून कळवलं," दीप्ती म्हणाली. "तो मुलगा स्वतः बोलतोय आता श्रुतिकाशी. बघू काय करतात. मडकं होणार नाही."

"बरं झालं."

"तुझ्यामुळे नाही हं."

"नाही."

"तुझ्यामुळे तर हो म्हणत होते."

प्रेमाने मान खाली घातली. आतून श्रुतिकाचा आवाज आला, कोण आहे गं आई. दीप्ती म्हणाली, कुणी नाही. मग ताट जाळीतून आत जाईना, म्हणून तिला कडी काढावी लागली. दार ताटापुरतं उघडलं. तिने झाकण वर करून पाहिलं.

"संक्रांतीला अजून आठवडा आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तोवर मी गोड बोलणार नाही."

"नको बोलूस."

कडी लागली. प्रेमा घरी आली. पलंगाखालून तिने खोकं ओढलं आणि मऊ फडकं घेऊन नळकांडं पुसायला बसली. गच्चीची धूळ निघाली, लोकांच्या बोटांचे डाग निघाले. दीप्तीने लावलेल्या कुंकवाच्या बोटापाशी फडकं आलं तेव्हा तिने ते बाजूने फिरवून घेतलं.